टेंब्यांची वाळकी फांदी

माणसाला पणजोबा असतात, ही गोष्ट श्यामसुंदर हळब्यांना तत्त्वतः मान्य होती. आपल्यालाही ते असणार, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती. वर्षातून एकदा वडिलांच्या श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारत, तेव्हा हळबे 'विष्णू' असं खणखणीत सांगत आणि पुढच्या वर्षापर्यंत पणजोबांना सुट्टी देत. बँकेत एखादं खातं नुसतं असतं, त्यात उलाढाल काही नसते, तसं ते नातं होतं. लेकीच्या साखरपुड्यापर्यंत या व्यवस्थेत कसलीही अडचण आली नाही.

साखरपुडा नारायण पेठेत टेंब्यांच्या घरी झाला. अभयराव टेंबे, म्हणजे आमोदचे वडील आणि ओवीचे होणारे सासरे, पेशाने सीए आणि स्वभावानेही सीए. अंगठ्या घालून झाल्या, पेढे फिरले, फोटो झाले आणि आता जेवायला बसायचं एवढ्यात अभयराव आतल्या खोलीतून एक ग्रंथ घेऊन आले. तो त्यांनी दोन्ही हातांनी दिला आणि हळब्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कारण एका हाताने तो पेलला नसता. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'टेंबे कुलवृत्तांत'. खाली बारीक अक्षरांत, 'सुधारित दुसरी आवृत्ती'. म्हणजे या माणसांनी स्वतःचे पूर्वज एकदा छापून, विकून, पुन्हा सुधारले होते.

"तुमचा कोणत्या साली निघाला?" अभयरावांनी सहज विचारलं.

हळबे कुलवृत्तांत नावाची वस्तू जगात नव्हती. हळब्यांना वडील माहीत होते, आजोबा पाहिलेले होते आणि आजोबांचं नाव गजानन विष्णू असल्यामुळे मधल्या विष्णूचा पत्ता होता, एवढाच त्यांचा वृत्तांत. पण ते हयातभर बँकेत खुर्चीवर बसलेले होते आणि काउंटरपलीकडच्या माणसाला द्यायचं उत्तर त्यांच्या जिभेवर आपोआप आलं. "काम चालू आहे."

"कितपत झालंय?" हा आवाज खिडकीजवळच्या खुर्चीतून आला. तिथे अभयरावांच्या थोरल्या भगिनी बसल्या होत्या. मनूआत्या. भावासकट सगळ्यांच्याच आत्या असलेल्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि टेंब्यांच्या घरात ज्यांच्या होकाराशिवाय पडदेसुद्धा बदलत नाहीत अशा.

"बरंचसं," हळबे म्हणाले.

"बरंचसं म्हणजे किती? निम्मं? पाऊण?"

"पाऊणच्या आसपास."

"छान. मग केळवणाला या तेव्हा घेऊन या. बघू," असं म्हणून मनूआत्यांनी चष्मा काढून पुसला. पेपर तपासायच्या आधी त्या असाच पुसत असणार, असं हळब्यांना वाटलं.

जेवणाची टेबलं जोडून पंगत मांडली होती. सगळे बसल्यावर हळब्यांच्या लक्षात आलं की खिडकीकडच्या टोकाला एक पान जास्तीचं आहे. नुसतं मांडलेलं नाही, वाढलेलं. त्यातही गंमत अशी की त्या पानात चटणी नव्हती, लोणचं नव्हतं, मिरचीची भजी नव्हती. मऊ वरणभात, त्यावर तूप, एक जिलबी आणि छोट्या चांदीच्या वाटीत दूध. 'कोणी यायचंय का?' असं त्यांनी विचारलं, तर अभयराव म्हणाले, "नाही, नाही. आमच्याकडे सणासमारंभाला एक पान जास्त वाढतात. अतिथीचं. पूर्वापार चालत आलंय." अतिथीला पथ्य आहे असं दिसतं, असा विचार हळब्यांच्या मनात आला, पण व्याह्यांच्या घरी पहिल्याच भेटीत विनोद करू नये एवढं त्यांना कळत होतं.

आणि चालीरीतींबद्दल बोलायला हळब्यांना तोंड तरी कुठे होतं? त्यांच्या स्वतःच्या घरात एक नियम होता की जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं नाही. फोन वाजो, बेल वाजो, गॅसवाला सिलिंडर घेऊन येवो आणि शिव्या देत परत जावो, हळबे मंडळी घास संपवल्याशिवाय हलत नसत. शैलाताई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी किल्ल्यांआधी हा नियम त्यांच्या हाती दिला होता. का, ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

कोथरूडला घरी आल्यावर हळब्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर टेंब्यांचा ग्रंथ उघडला आणि त्यात चूक शोधायला बसले. दुसऱ्याच्या कुळात दोष सापडला की आपल्याला जरा बरं वाटतं, हा काही फक्त हळब्यांचा स्वभाव नव्हे. टेंब्यांमध्ये एक मुन्सफ होते, दोन वैद्य होते, कुणीतरी काशीला जाऊन चालत परत आले होते. हळब्यांचा जीव कासावीस होत चालला होता आणि तेवढ्यात वंशवृक्षाच्या एका कोपऱ्यात त्यांना हवं ते मिळालं. एका टेंब्यांचे तीन मुलगे. दोघांच्या खाली भरघोस पसारा. तिसऱ्याचं नावही नाही. नुसतं, 'तृतीय पुत्र. बालवयात दत्तक गेला. पुढील माहिती उपलब्ध नाही.'

"शैला, हे बघ!" हळबे आनंदाने ओरडले. "एवढं सोनेरी अक्षरांत मिरवतायत आणि यांच्याही झाडाला एक फांदी वाळकी आहे." त्यांनी पेन्सिलीने तिथे बारीकशी खूण केली.

"तुम्हाला यातून काय मिळतं?" शैलाताईंनी विचारलं.

"समाधान," हळबे म्हणाले. समाधान आठवडाभर टिकलं. मग केळवणाची तारीख ठरली आणि विष्णू हळब्यांचा शोध सुरू करणं भाग पडलं.

कोथरूडच्या सोसायटीत एखाद्याने एकट्याने काही शोधावं, ही गोष्ट अशक्य आहे. हळब्यांनी फक्त भीमराव ओव्हाळांना विचारलं होतं, कारण ते नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले आणि कागदांच्या जगात मुरलेले. पण विचारलं ते पार्किंगमध्ये, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हळब्यांच्या पणजोबांबद्दल चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, परदेशी पाठवून थुंकी तपासून घ्या, सगळं खानदान बाहेर येतं. हळब्यांनी पणजोबांसाठी थुंकणार नाही असं बाणेदार उत्तर दिलं. कुणी म्हणालं, पत्रिका असेल तर नाडीवाल्याकडे जा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी याच संदर्भात गच्चीतल्या गळतीचा विषय काढला.

भीमराव मात्र कामाचं बोलले. "अर्जात 'शोध' हा शब्द घालू नका. शोध म्हटलं की क्लार्क घाबरतो. 'नक्कल मिळणेबाबत' असं लिहा. नक्कल म्हटलं की त्याला धीर येतो."

"तुमच्याकडे आहे का हो वंशावळ?" हळब्यांनी विचारलं.

"आमच्याकडे आजोबांच्या मागे कोणी लिहून ठेवलेलं नाही," भीमराव शांतपणे म्हणाले. "आणि गावात आमच्याबद्दल जे कोणी लिहून ठेवलं असेल, ते काही सोनेरी अक्षरांत नसणार. आम्ही छप्पन्न साली पहिलं पान उघडलं. तिथून पुढचं सगळं तोंडपाठ आहे." हळब्यांनी अर्जाचा मायना पुन्हा एकदा विचारून घेतला.

अर्ज घेऊन ते जुन्या नोंदींच्या एका कचेरीत गेले. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तिथे त्यांना पुन्हा जावं लागू शकतं.

"मृत्यूची तारीख?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"तीच शोधायला, म्हणजे तिचीच नक्कल घ्यायला आलोय."

"तारीख असल्याशिवाय अर्ज घेता येत नाही."

"अहो, पण तारीख कळावी म्हणूनच तर अर्ज करतोय."

"मग कळली की या. आणि येताना तुम्ही त्यांचे पणतू असल्याचा पुरावा आणा."

"मी इथे तुमच्यासमोर उभा आहे, हाच पुरावा नाही का?" हळब्यांचा आवाज नको तेवढा चढला.

"याची झेरॉक्स आणलीत?" बाईंनी विचारलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. उभ्या हयातीत हळब्यांनी असंख्य लोकांना असंच वाटेला लावलं होतं. पण ती खिडकीची आतली बाजू होती. बाहेरच्या बाजूने हीच वागणूक किती असंस्कृत दिसते, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं.

मग ते नाशिकला गेले. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी कुळाकुळांच्या नोंदी असतात आणि हळबे मूळचे वाईचे, आपल्याही कुणीतरी तिथे जाऊन नाव सांगितलेलं असणार, अशी त्यांना आशा होती. आशा खरी होती. उपाध्यायांनी आपुलकीने चहा दिला आणि सांगितलं की वाटण्या झाल्या तेव्हा मूळच्या वाईच्या सगळ्या मंडळींची बाडं धाकट्या भावाकडे गेली. धाकटा भाऊ कुलूप लावून मुलाकडे अमेरिकेला गेला होता, सुनेच्या बाळंतपणासाठी. हळबे गोदावरीत हातपाय धुऊन परत आले. येताना बसमध्ये त्यांच्या डोक्यात सारखं एकच चालू होतं, की मनूआत्या 'पाऊण' या शब्दावर नक्की बोट ठेवणार.

शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत एक मोडीतला कागद सापडला आणि घरात उत्साहाचं वारं शिरलं. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी तो वाचून दिला. त्यात लग्नासाठी शेजाऱ्यांना दिलेल्या भांड्यांची यादी होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'दोन पातेली परत आली नाहीत.' हळब्यांना दोन दिवस त्या शेजाऱ्यांचा राग आला.

"बाबा, चिल," ओवी म्हणाली. "आमोदला स्वतःच्या आजोबांचं फुल नेम सांगता येत नाही. कोणालाच पडलेली नाहीये." पण तिला काय कल्पना? आमोदला पडलेली नसेल, आत्याला पडली होती. अभयरावांचा दर चार दिवसांनी फोन येई. हॉल, आचारी, बँड असं सगळं बोलून झालं की शेवटी ते म्हणत, "आणि हो, आत्या विचारत होती." हळब्यांची झोप कमी झाली, गोळी वाढली.

अशा मनःस्थितीत ते धायरीला रामदासकाकांना पत्रिका द्यायला गेले. रामदासकाका म्हणजे हळब्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. धायरी खेडं होतं तेव्हा तिथे प्लॉट घेऊन राहिलेले, आता चारी बाजूंनी इमारतींनी घेरलेले आणि त्यामुळे कमालीचे खूश, कारण सगळ्या बिल्डरांना ते नाही म्हणत असत. फाटकाशी भैरू भाजीची गाडी लावून बसला होता. "हायेत की काका. जावा आत, जागेच हायेत," तो म्हणाला.

काकांनी पत्रिकेवरचं कुंकू बोटाने पुसलं, ती डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "चि. आमोद अभय टेंबे... टेंबे? कुठले टेंबे?"

"नारायण पेठेतले. मोठं घराणं आहे. कुलवृत्तांत वगैरे..."

काका हसायला लागले. हसता हसता खोकले, पाणी प्यायले आणि पुन्हा हसले. "म्हणजे पोरगी माहेरीच चालली म्हणायची!"

"माहेरी?"

"अरे, आमचे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, ते हळबे कुठले? ते नारायण पेठेतल्या टेंब्यांचे. वाईच्या हळब्यांना मूल नव्हतं. त्यांनी दत्तक घेतलं, चारपाच वर्षांचं पोर. विष्णू हे नाव हळब्यांनी ठेवलं. आधीचं नाव त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही."

हळब्यांच्या डोळ्यांपुढे सोनेरी अक्षरं नाचायला लागली. तृतीय पुत्र. पुढील माहिती उपलब्ध नाही. ती पुढील माहिती धायरीत, कॉटवर, हातात पाण्याचा पेला धरून बसली होती.

"काका, तुम्ही हे कधी बोलला नाहीत?"

"विचारलंस कधी? येतोस, पत्रिका देतोस, चहा पिऊन जातोस." काकांनी पत्रिका उशीखाली ठेवली. "मी पाहिलंय त्यांना. गरीब माणूस. कधी कोणावर ओरडले नाहीत. फक्त जेवताना कोणाला पानावरून उठवलं की थरथरायचे. एकदा मला माझ्या आईनं गृहपाठासाठी उठवलं, तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तेव्हापासून घरात नियमच झाला."

परतीच्या वाटेवर हळब्यांची स्कूटर दोनदा बंद पडली. एकदा पेट्रोल संपलं म्हणून, एकदा हळबे थांबले म्हणून. इतके दिवस ते पणजोबांना शोधत होते आणि आता सापडले तर ते सापडायला नको होते असं झालं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. हॉल घेतलेला, आचारी ठरलेला. ओवी दिवसातून तीनदा आमोदशी भांडून चारदा समेट करत होती, म्हणजे मन अगदी जुळलेलं. आणि व्याही म्हणजे मुहूर्तापासून मांडवापर्यंत सगळं शास्त्राप्रमाणे करणारे! मुलगी आपल्याच रक्ताची निघाली असं कळलं तर मनूआत्या काय म्हणतील, याची कल्पनासुद्धा त्यांना करवेना.

शैलाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "सुखाने बसला होतात. कोणी सांगितलं होतं पणजोबा उकरून काढायला?"

हळबे गुरुजींकडे गेले. "माझ्या एका मित्राच्या मुलीचं लग्न आहे," त्यांनी सुरुवात केली आणि सगळं मित्राच्या नावावर सांगितलं.

"मित्राचं गोत्र काय?" गुरुजींनी विचारलं. हळब्यांनी सांगितलं.

"म्हणजे तुमचंच."

"हो, म्हणजे... तेवढ्यामुळेच मैत्री झाली."

गुरुजींनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "मित्राला सांगा, दत्तक गेला की गोत्र बदलतं असं शास्त्र आहे. लग्नाच्या बाबतीत जन्माचं घरही बघावं, असंही शास्त्र आहे. मुलाकडच्यांना चालत असेल तर शास्त्राची हरकत नसते."

"आणि चालत नसेल तर?"

"तर शास्त्राची हरकत असते."

केळवणाच्या आदल्या दिवशी हळब्यांनी निर्णय घेतला. त्यांनी जाड कागदावर वंशवृक्ष काढून घेतला, त्याला फ्रेम केली आणि विष्णू हळब्यांच्या वर, जिथे आईवडिलांची नावं यायची तिथे, सुबक अक्षरांत लिहून घेतलं, 'माहिती उपलब्ध नाही'. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हेच वाक्य टेंब्यांच्या ग्रंथातही आहे. बिचाऱ्याला तिकडच्यांनी खालून पुसलं होतं, आता आपण वरून पुसत होतो. हळब्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तेही ज्या माणसाचा फोटोसुद्धा नाही त्याच्यासाठी.

लिफ्टमध्ये भीमराव भेटले. त्यांनी फ्रेम पाहिली, ती ओळ वाचली आणि हळब्यांचा चेहराही वाचला. "साहेब, खोटी नोंद करायलाही सराव लागतो," ते म्हणाले. "तुम्हाला जमेल असं वाटत नाही." हळबे खोटं हसले. तेसुद्धा त्यांना नीट जमलं नाही.

केळवणाला टेंब्यांनी मोजक्याच माणसांना बोलावलं होतं. हळबे तिघं, टेंबे मंडळी आणि खुर्चीत मनूआत्या. "आणलंत?" त्यांनी नमस्काराच्याही आधी विचारलं. हळब्यांनी फ्रेम दिली. आत्यांनी चष्मा पुसला, लावला आणि ओळीने खालून वर वाचत गेल्या. बोट एका जागी थांबलं.

"इथे काय झालं?"

"ते... नोंदी मिळाल्या नाहीत."

"हे पाऊण?"

"आत्या, आधी जेवून घेऊ या का?" अभयराव मध्ये पडले. हळब्यांना ते त्या क्षणी देवासारखे वाटले. पानं वाढून तयार होती. हळबे घाईघाईने वळले आणि आत्यांच्या नजरेपासून जास्तीत जास्त लांब, खिडकीकडच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसले. आपण कुठे बसलो हे न बघता त्यांनी भातात हात घातला.



"अहो हळबे," अभयराव कसनुसं हसत म्हणाले, "ते पान... म्हणजे ते आपलं अतिथीचं. तुमचं पान इकडे आहे."

हळब्यांनी खाली पाहिलं. मऊ वरणभात. तूप. एक जिलबी. दुधाची छोटी वाटी. चटणी नाही, लोणचं नाही, तिखटाचा कण नाही. गेल्या वेळी त्यांना वाटलं होतं की अतिथीला पथ्य आहे. आता एकदम कळलं की हे पान अतिथीचं नव्हतंच. हे चारपाच वर्षांच्या मुलाचं पान होतं. काका म्हणाले होते, पानावरून उठवलं की थरथरायचे. हळब्यांचा हात भातातच राहिला आणि डोळे भरून आले. सगळ्यांदेखत, अगदी लहान मुलासारखे.

"बाबा, काय होतंय?" ओवी उठून आली.

"माहिती उपलब्ध आहे," हळबे म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. वाईचे हळबे, धायरीचे काका, विष्णू हे नंतरचं नाव, ग्रंथातली ती पेन्सिलीची खूण, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "ही तुमची वाळकी फांदी म्हणजे आम्ही आहोत. मी लपवणार होतो. पोरीचं लग्न मोडेल म्हणून लपवणार होतो. आता तुम्ही ठरवा."

"वेट," ओवी आमोदकडे बघत म्हणाली, "म्हणजे आम्ही रिलेटेड आहोत?"

अभयरावांचा चेहरा ताळेबंद न जुळल्यासारखा झाला होता. "पण मग गोत्राचं काय?" ते पुटपुटले आणि सवयीने खुर्चीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मनूआत्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली होती. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातावर गेल्या. "दुसऱ्या हातावर गेलं की नातं राहत नाही, नुसती ओळख राहते," त्या ओवीला म्हणाल्या. "तशी मोजायला बसलीस तर निम्मी नारायण पेठ तुझी भावंडं निघेल. आणि अभय, गोत्राचं म्हणशील तर पोर दिलं त्या दिवशी आपणच सांगितलं, हा आता आमच्या गोत्रातला नाही. देताना ते शास्त्र चाललं, आता घ्यायच्या वेळी बदलायचं नाही."

"पण हे पान अतिथीचं म्हणून..."

"अतिथीचं तू म्हणतोस. मला आजीनं सांगितलंय, तिला तिच्या आजेसासूनं सांगितलं होतं. आजेसासू म्हणजे त्याची आई." मनूआत्यांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "सणाचा दिवस होता. वाईच्या मंडळींना उजेडात घाट ओलांडायचा होता. पोर जेवायला बसलेलं, त्याला भरल्या पानावरून उठवून गाडीत घातलं. त्यानंतर ती बाई दर सणाला त्याचं पान वाढत राहिली. तिच्यामागे सुनांनी वाढलं. गोत्रासाठी नाही कोणी वाढलं."

"आत्या, तू हे कधी बोलली नाहीस!" अभयराव म्हणाले.

"कोणी विचारलंत?" आत्या म्हणाल्या.

एवढं मोठं पान आपण उष्टं केलं, या जाणिवेने हळबे ओशाळले. टेबलाला हात टेकवून, एका हाताने डोळे पुसत, ते खुर्चीवरून अर्धवट उठले.

"बसा," मनूआत्या म्हणाल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज होता. हळबे मटकन खाली बसले. "या पानावरून एकदा उठवलंय त्याला, तेवढं पुरे झालं. पोटभर जेवल्याशिवाय उठायचं नाही."

मग त्या अभयरावांकडे वळल्या.

"आणि अभय, बघतोस काय? त्यांना चटणी वाढ. एवढ्या वर्षांत मोठा झाला असेल तो."